अक्षयनीवी : कलेतिहासाच्या अभ्यासाचा खर्च कोणी वाहावयाचा?

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने खोदवून चातुर्दिश भिक्खुसंघाला अर्पण केले. त्या लेण्यातील लेखांपैकी एक लेख विद्यार्थ्यांनी केवळ लिपीच्या अभ्यासासाठी नव्हे, तर हिशेब म्हणूनही वाचावा असा आहे. उषवदाताने या लेखान्वये ३००० कार्षापणांची ‘अखयनिवी’, म्हणजे अक्षयनीवी, संघासाठी ठेवली. ही रक्कम त्याने भिक्खूंच्या हाती दिली नाही. ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने, तर दुसरीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी स्पष्ट अट लेखात आहे.

आता हिशेब पाहावा. २००० कार्षापणांवर दरमहा २० प्रमाणे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत, असे लेख सांगतो. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर २४०. उरलेल्या १००० कार्षापणांचे वार्षिक व्याज ९० होते, आणि ते भिक्खूंच्या किरकोळ खर्चासाठी आहे. भोजनाची सोय स्वतंत्र होती. त्यासाठी उषवदाताने ४००० कार्षापणांना एक शेत विकत घेऊन दिल्याची नोंद याच लेण्यात आहे. ठेवीचा हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करण्यात आला आणि दप्तरी नोंदविण्यात आला.

सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा लेख म्हणजे अध्ययन करणाऱ्या माणसांच्या निर्वाहाची एक संपूर्ण योजना आहे. मुद्दल सुरक्षित, व्याज निश्चित, लाभार्थींची संख्या निश्चित, प्रत्येकाचा वाटा निश्चित आणि व्यवहार जाहीर. प्रस्तुत लेखात या जुन्या योजनेच्या उजेडात आजच्या एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ही लेणी, ही शिल्पे आणि ही चित्रे यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करू इच्छिणाऱ्या, परंतु ज्यांच्या घरातून या विद्याशाखेत आजवर कोणी गेलेले नाही अशा मुलामुलींच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च कोणी वाहावयाचा, हा तो प्रश्न होय.

दात्यांची नामावली

पश्चिम भारतातील लेणी राजेमहाराजांनी खोदविली, असा एक समज सर्वसामान्य पर्यटकाच्या मनात असतो. लेखांची साक्ष वेगळी आहे. राजे, अमात्य आणि महारठी त्यांत आहेतच. परंतु त्यांच्या शेजारी अगदी साध्या माणसांची नावे कोरलेली आहेत. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. त्याच दर्शनी भागात एका गंधिकाचे, म्हणजे अत्तराच्या व्यापाऱ्याचे दान आहे. त्याच चैत्यातील अनेक स्तंभ धेनुकाकटच्या यवनांनी दिले. कुडे येथे मालाकार आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, आणि पदुमनिका नावाची भिक्खुणीही आहे. बेडसे येथे सामडिनिका या महारठिनीचे दान आहे. जुन्नरच्या लेखांत धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे दिल्याची नोंद आहे, तसेच बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. महाराष्ट्राबाहेर सांचीच्या दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी हे शिल्पकाम केले, असे त्या कारागिरांच्याच नावाने नोंदले आहे.

या नामावलीचा अर्थ काय? ज्या कलेला आज जागतिक वारसा म्हणून गौरविले जाते, तिचा खर्च उचलण्यात आणि ती घडविण्यात हातांनी काम करणाऱ्या वर्गांचा मोठा वाटा होता. त्यांनी दान दिले आणि दानाबरोबर आपले नाव, गाव व व्यवसाय हेही दगडावर ठेवले. पुढील काळात यांतील अनेक व्यवसाय जातिव्यवस्थेच्या उतरंडीत खाली ढकलले गेले, आणि अक्षरापासून तोडलेही गेले. ज्यांच्या व्यवसायबंधूंची नावे भिंतीवर आहेत त्यांनाच ती भिंत वाचता येऊ नये, ही या इतिहासातील सर्वांत दुःखद घटना आहे.

अजिंठ्याच्या अभ्यासाचा खर्च

आधुनिक काळात या वारशाचा अभ्यास सुरू झाला तो पैशाच्या आधारानेच. अजिंठ्याचे उदाहरण घ्यावे. जेम्स फर्ग्युसनने १८४३ साली रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवरील आपला निबंध वाचला. त्यानंतर सोसायटीने आग्रह धरला आणि ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याची नेमणूक केली. त्याने वर्षानुवर्षे श्रम करून तयार केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. पुढे मुंबई सरकारच्या खर्चाने सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ साली लंडनमध्ये जळाल्या. ज्या वाचल्या त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. विसाव्या शतकात गुलाम याझदानी यांचे अजिंठ्यावरील चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले, आणि हे कार्य सुरू झाले ते हैदराबादच्या निजाम सरकारच्या आश्रयाने.

शिलालेखांच्या क्षेत्रातही हेच दिसते. पंडित भगवानलाल इंद्रजी हे मूळचे जुनागडचे. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती आणि इंग्रजीचे ज्ञान बेताचे होते. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना बोलावून घेतले आणि आपल्या खर्चाने देशभर प्रवासाला पाठविले. १८७४ साली भाऊ दाजींचे निधन होईपर्यंत हा आश्रय चालू होता. १८८१ साली बर्जेस आणि भगवानलाल यांनी पश्चिम भारतातील लेण्यांमधील लेखांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यावाचून आपल्या विषयाचे पान हलत नाही. नंतर लायडेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. एका गुणी माणसाचा प्रवासखर्च कोणीतरी उचलला, म्हणून हे घडले.

तात्पर्य असे की, कलेतिहास हा विषय केवळ ग्रंथालयात बसून होत नाही. लेण्यांपर्यंत जावे लागते आणि पुन्हा पुन्हा जावे लागते. छायाचित्रे घ्यावी लागतात. पाली, प्राकृत आणि संस्कृत यांच्याबरोबर पुष्कळदा तिबेटी, जर्मन किंवा फ्रेंचही शिकावी लागते. चित्रांचे पुस्तक महाग असते, आणि प्रतिकृती परदेशातील संग्रहालयात असते. ज्याच्या मागे घरचा किंवा दात्याचा पैसा होता तो येथपर्यंत आला. म्हणून या विषयाचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्याच्या आश्रयदात्यांचाही इतिहास आहे.

शिष्यवृत्तीची वाट

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या शिष्यवृत्तीवर त्यांनी काय अभ्यासले, हे पुष्कळांना नेमके ठाऊक नसते. १९१५ साली एम.ए. साठी त्यांनी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. म्हणजे परदेशातील शिष्यवृत्तीवर त्यांनी भारताचा इतिहास आणि भारताचा समाज हे विषय अभ्यासले.

पुढे १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. त्यात शिक्षणासाठी मागणी होती ती अशी : देशातील शास्त्र व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी दरसाल दोन लाख रुपये, आणि परदेशातील तशाच शिक्षणासाठी दरसाल एक लाख रुपये. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५४-५५ साली राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना आली.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बाबासाहेबांनी स्वतःच शास्त्र आणि तंत्र यांसाठी पैसा मागितला. मग आपण शिल्प आणि चित्र यांच्या अभ्यासासाठी तो का मागावा? गरीब घरातील मुलाने आधी पोट भरणारे शिक्षण घ्यावे, लेण्यांचे कोणीही पाहील, असे आपल्याच वस्तीतील वडीलधारे सांगतात आणि त्यांच्या बोलण्यात अनुभव असतो. परंतु १९४२ च्या मागणीमागील सूत्र पाहिले पाहिजे. जे शिक्षण अस्पृश्य वर्गाला स्वतःच्या बळावर परवडण्यासारखे नाही, आणि ज्या क्षेत्रात त्याचे प्रतिनिधी जवळजवळ नाहीत, तेथे राज्याने पैसा घालावा, हे ते सूत्र होय. त्या काळी शास्त्र व तंत्र ही अशी क्षेत्रे होती. आज कलेतिहास, संग्रहालयशास्त्र आणि वारसा-संवर्धन या क्षेत्रांना तेच सूत्र लागू पडते. शिवाय बाबासाहेबांनी त्याच दशकात शूद्र कोण होते याविषयीचा ग्रंथ १९४६ साली आणि अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध केला. इतिहास दुसऱ्यांवर सोपवून चालत नाही, हे त्यांनी स्वतः लिहून दाखविले.

मधली पायरी

आज अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला संशोधनाच्या पायरीवर आधार मिळू शकतो. २००५-०६ साली सुरू झालेली राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती, जी आता निराळ्या नावाने चालते, आणि राज्यात बार्टीची अधिछात्रवृत्ती यांमुळे शेकडो विद्यार्थी पीएच.डी. पर्यंत पोचले, ही मोठी गोष्ट आहे. परंतु तेथे पोचण्यासाठी आधी एम.ए. व्हावे लागते, आणि आपली मुले मागे राहतात ती या मधल्या पायरीवर.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती शुल्काचा भार उचलते, हे खरे. परंतु तिची रचना वर्गात बसून शिकावयाच्या विषयांना धरून झाली आहे. २०१० साली सुधारलेल्या नियमांत अभ्याससहलीसाठी वर्षाला जास्तीत जास्त १६०० रुपयांची तरतूद होती, आणि तीही व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांपुरती. कलेतिहासाच्या विद्यार्थ्याला लेणे पाहणे हे डॉक्टरीच्या विद्यार्थ्याला रुग्ण पाहण्याइतकेच आवश्यक आहे, ही जाणीव त्या नियमांत नव्हती.

या संदर्भात प्रस्तुत लेखकाला आपल्या एका विद्यार्थिनीची आठवण होते. तिचे आईवडील वीटभट्टीवर कामाला होते. पालीच्या वर्गात तिने ब्राह्मी लिपी अवघ्या तीन आठवड्यांत आत्मसात केली. कार्ल्याच्या सहलीत त्या सुताराचे नाव तिने स्वतः अक्षर अक्षर लावून वाचले, तेव्हा ती काही वेळ काहीच बोलली नाही. नंतर म्हणाली, “सर, आमचे आजोबा सुतारकामच करायचे.” तिला परप्रांतातील एका संस्थेत कलेतिहासाच्या एम.ए. साठी प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्ती मंजूर होण्यासारखी होती; परंतु ती हाती पडणार वर्षाच्या अखेरीस, आणि वसतिगृहाची अनामत रक्कम, प्रवास व पहिल्या चार महिन्यांचे जेवण यांसाठी पैसे आधी लागणार होते. ते जमले नाहीत. आम्ही चारदोन शिक्षकांनी जमविलेली रक्कम अपुरी पडली आणि प्रवेशाची मुदत संपली. तिने बी.एड. केले. आज ती एका आश्रमशाळेत शिकविते आणि उत्तम शिकविते. तिच्या आयुष्याचे काही वाईट झाले असे मी म्हणणार नाही. परंतु कलेतिहासाने एक अभ्यासक गमावला, हे मात्र निश्चित. तिला अडविणारी रक्कम एखाद्या विहाराच्या एका दिवसाच्या कार्यक्रमाच्या खर्चाहून अधिक नव्हती.

२०२२ सालची अट

परदेशातील शिक्षणाच्या वाटेवर दुसरी अडचण उभी राहिली. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या जागा २०२१-२२ साली १२५ करण्यात आल्या आणि त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी होत्या. परंतु २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांत अशी अट घालण्यात आली की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीखाली येणार नाहीत. या विषयांची साधने आणि तज्ज्ञ देशातच आहेत, मग त्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही, अशी त्यामागची भूमिका सांगण्यात आली.

ही भूमिका वरवर पाहता पटण्यासारखी आहे. परंतु वर दिलेल्या अजिंठ्याच्या इतिहासावर ती घासून पाहावी. ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रतिकृती केल्या त्यानंतर मूळ भित्तिचित्रांचा बराच भाग खराब झाला. काही ठिकाणी आज भिंतीवर जे दिसत नाही ते त्या प्रतिकृतीत दिसते, आणि त्या प्रतिकृती लंडनमध्ये आहेत. अमरावतीच्या महास्तूपाची शिल्पे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अजिंठ्याच्या कथाचित्रांची ओळख पटविणारे डीटर श्लिंगलॉफ यांचे मूलभूत संशोधन प्रथम जर्मन भाषेत झाले. म्हणजे विषय भारताचा असला तरी त्याची साधने जगभर विखुरलेली आहेत, आणि ती विखुरली ती आपल्या इच्छेने नव्हे. ज्याच्या घरी पैसा आहे तो विद्यार्थी या साधनांपर्यंत जाईलच; अट आड येते ती केवळ शिष्यवृत्तीवाचून गत्यंतर नसणाऱ्याला.

हीच अट १९१३ साली असती, तर प्राचीन भारतीय व्यापारावरचा तो प्रबंध आणि जातींवरचा तो निबंध या दोहोंनाही ती आड आली असती. यापेक्षा अधिक टीका करण्याची आवश्यकता नाही.

इतरत्र याच्या उलट दृष्टी आढळते. २०१३ साली शिकागोच्या अल्फावुड फाउंडेशनने लंडनच्या सोआस या संस्थेला आग्नेय आशियातील बौद्ध व हिंदू कलेच्या अभ्यासासाठी दोन कोटी पौंडांची देणगी दिली. तिच्यातून आग्नेय आशियातील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिष्यवृत्त्या देण्यात आल्या. ज्या प्रदेशाची कला, त्याच प्रदेशातील मुलांनी तिचे जाणकार व्हावे, हे तत्त्व त्या दात्याने मान्य केले.

पुन्हा अक्षयनीवी

सरकारने अशी अट दूर करावी, अभ्यास-प्रवासाला शिष्यवृत्तीत स्थान द्यावे आणि रक्कम वर्षारंभी द्यावी, ही मागणी केलीच पाहिजे. ती कोणाची कृपा नव्हे, हक्क आहे. परंतु मागणी मान्य होईपर्यंतची वर्षे विद्यार्थ्याच्या वयातून वजा होतात. म्हणून नाशिकचा लेख पुन्हा वाचावा, असे सुचवावेसे वाटते.

आपल्या विहारांना दान मिळते. ते बहुतेक वास्तू, मूर्ती आणि कार्यक्रम यांवर खर्च होते. यांतील काहीही अनावश्यक आहे असे नाही. परंतु उषवदाताने लेणे दिले तेवढ्यावर तो थांबला नाही. लेण्यात राहून अध्ययन करणाऱ्या माणसांच्या वस्त्राचा आणि अन्नाचा हिशेबही त्याने त्याच भिंतीवर लिहिला. वास्तू आणि तिच्यात शिकणारा माणूस यांची तरतूद त्याने वेगवेगळी मानली नाही.

आजचा हिशेब असा मांडता येईल. दरसाल शेकडा सहा व्याज धरले, तर दहा लाख रुपयांच्या मुद्दलावर वर्षाला साठ हजार रुपये मिळतात. नाशिकचा दर वर्षाला शेकडा बारा पडत होता. तेव्हा आपल्याला मुद्दल अधिक लागेल, एवढाच फरक. साठ हजारांत एका विद्यार्थ्याची अनामत, प्रवास आणि शिष्यवृत्ती हाती येईपर्यंतचा निर्वाह यांना मोठा हातभार लागतो. एका विहाराला दहा लाख जमविणे कठीण असेल, तर दहा विहारांनी एक लाख प्रत्येकी द्यावे. जुन्नरच्या धान्य-व्यापाऱ्यांनी एकेकट्याने नव्हे, श्रेणी म्हणून दान दिले होते.

अटी मात्र उषवदाताच्याच असाव्यात. मुद्दलाला हात लावू नये. किती विद्यार्थी आणि प्रत्येकाला किती, हे आधी ठरवावे. निवड करताना घरातील पहिला पदवीधर, मुली, भटक्या-विमुक्त आणि आदिवासी समाजातील विद्यार्थी यांना अग्रक्रम द्यावा. कारण तो संघही चातुर्दिश होता, दारी येणाऱ्याची दिशा त्याने विचारली नाही. रक्कम आषाढात, प्रवेशाच्या वेळीच द्यावी. वर्षावासाचा आरंभही त्याच सुमारास होतो, हा योग चांगला आहे. आणि निगमसभेत जसा व्यवहार वाचून दाखविला गेला, तसा दर वर्षाचा जमाखर्च विहाराच्या फलकावर सर्वांना वाचता येईल असा लावावा.

कार्ल्याच्या त्या सुताराचे नाव एकोणीस-वीस शतके दगडावर टिकले आहे. ते वाचणारी मुलगी मात्र वसतिगृहाच्या अनामत रकमेपाशी अडते. तिच्यासारखी पुढची मुलगी येत्या आषाढात अडू नये, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.